अंडाशयाला पडणारा पीळ : वेळीच उपचार, मातृत्वाचे रक्षण
मुली व तरुण स्त्रिया यांच्या ओटीपोटात एकाएकी उठणारी तीव्र कळ आणि उलट्या यांमागे अंडाशयाला पडलेला पीळ असू शकतो. बहुधा ५ सें.मी.हून मोठ्या गाठीच्या भाराने अंडाशय फिरते, सुजते व त्याचा रक्तपुरवठा तुटतो. उजवीकडील वेदना अपेंडिक्सची वाटून मोलाचा वेळ वाया जातो. डॉपलर सोनोग्राफी उपयुक्त असली, तरी तीत रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाहीच असे म्हणता येत नाही. शंका दृढ असल्यास दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून पीळ सोडवितात. पूर्वी काळेनिळे पडलेले अंडाशय काढून टाकीत; आज ते शक्यतो जागीच राखतात, कारण बहुतेकदा ते पुन्हा कार्य करू लागते. म्हणून अशी कळ पाळीची समजून अंगावर काढू नये, ही कुटुंबीयांना नम्र विनंती.