अक्रोडाचे लाकूड : मुरलेली ठेव

श्रीनगरच्या जुन्या शहरात लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या नक्काशांच्या कारखान्यात पाऊल ठेवताच नजरेत भरते ती फळ्यांची चळत. सावलीत एकीवर एक रचलेल्या, वारा खेळावा म्हणून मध्ये फटी राखलेल्या या फळ्या अक्रोडाच्या. एक ते चार वर्षे त्या अशाच मुरत राहतात. घाईने वाळवलेले लाकूड पुढे बाक धरते किंवा तडकते आणि कित्येक महिन्यांचे कोरीवकाम वाया जाते, हे नक्काश जाणतो.

ही प्रतीक्षा सार्थ ठरते ती लाकडाच्या गुणांमुळे. अक्रोडाचे लाकूड मध्यम कठीण, घट्ट रेषांचे आणि एकसारख्या पोताचे असते. त्यामुळे नाजूक पाकळी कोरतानाही कडा सहसा तुटत नाही. नीट मुरलेले लाकूड आपला आकार टिकवते आणि धक्काही सोसते. बंदुकांच्या दस्त्यांसाठी ते जगभर नावाजले गेले ते याच कारणाने. फांद्यांचे लाकूड फिकट, खोडाचे तपकिरी, तर मुळाकडचे गडद व रेषांनी नटलेले असते. मुळाकडच्या लाकडाला सर्वाधिक मोल मिळते.

फळीवर आराखडा रेखून नक्काश छिन्नी व लाकडी हातोडीने काम आरंभतो. चिनारचे पान, कमळ, गुलाब, द्राक्षांचे वेल त्यातून आकार घेतात. काही काम उठावाचे, काही जाळीदार. काही ठिकाणी तर पान खालून पोखरून जणू अधांतरी ठेवले जाते. अखेरीस घासून मेणाची झिलई दिली की लाकडाचा नैसर्गिक रंग खुलतो.

काश्मीरच्या या कलेला भौगोलिक मानांकन लाभले आहे. तरीही तिच्यापुढील पेच सोपा नाही. अक्रोडाचे झाड जिवंतपणी फळांतून कुटुंब पोसते. त्याच्या संरक्षणासाठी 1969 साली कायदाही झाला. साहजिकच नक्काशाच्या वाट्याला जुनी, फळ देईनाशी झालेली झाडेच येतात. लाकूड दुर्मीळ व महाग, आणि बाजारात यंत्राने कोरलेल्या स्वस्त वस्तूंची स्पर्धा.

म्हणून अक्रोडाची वस्तू घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : लाकूड किती वर्षे मुरले आहे? आणि नक्षी हाताची आहे का? घरी आणल्यावर ती कडक उन्हापासून व ओलाव्यापासून जपावी. कारागिराने वर्षानुवर्षे राखलेली ती ठेव असते. तिचे व्याज पुढच्या पिढीलाही मिळत राहते.