माडाच्या शेंड्यावर पाणी कोण चढवते?

चोषणपंपाने विहिरीतले पाणी फार तर १० मीटर वर चढते, हे तुम्ही शिकला आहातच. हवेचा दाब त्याहून अधिक ढकलू शकत नाही. मग कोकणातल्या २० मीटर उंच माडाच्या झावळ्यांना पाणी पोचते कसे? आपल्या शरीरात रक्त फिरवायला हृदय हे इंद्रिय आहे. त्याचे स्नायू जन्मभर राबतात. माडाला हृदय कुठले!

हे काम करते जलवाहक ऊती. गंमत अशी, की तिच्यातल्या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात. आतले जीवद्रव्य नाहीसे होऊन उरतात नुसत्या लाकडी भिंती. पानांतून बाष्प उडाले, की पाण्याचे रेणू मागच्या रेणूंना ओढतात आणि हा ताण थेट मुळांपर्यंत पोचतो. पाणी ढकलले जात नाही, दोरीसारखे ओढले जाते. शक्ती पुरवते ऊन. डब्लिनच्या डिक्सन व जोली यांनी १८९४ साली ही उपपत्ती मांडली. (त्यांतले जोली पदार्थविज्ञानाकडचे, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.)

नळीत हवेचा बुडबुडा झाला, की ही दोरी तुटते व नळी बंद पडते. आंब्याचे खोड दरवर्षी नव्या नळ्या घडवते. माडाच्या खोडाला ती सोय नाही. बुंध्यातल्या जुन्याच नळ्यांवर त्याला जन्मभर भागवावे लागते.