फलटणची बोली आणि फलटणची शाळा

दिवाळी अंकातला शाळेवरचा लेख म्हटला, की वाचकांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते मला ठाऊक आहे. संस्थानिकांनी दिलेली जागा, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी, करारी मुद्रेचे हेडमास्तर आणि रौप्यमहोत्सवाला आलेले मंत्री! फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ची हकीकत मला सांगावीशी वाटते ती निराळ्याच कारणासाठी. या शाळेची मुळे भाषेवरच्या एका प्रबंधापर्यंत जातात. आम्हा प्राध्यापकांचे प्रबंध सहसा ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडतात; त्यातून शाळा उगवल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या पाहण्यात नाही.

फलटण हे सातारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नाईक निंबाळकरांची गादी, सईबाईंचे माहेर, महानुभावांचे क्षेत्र. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि पुढे गाव उसाच्या हिशेबात रमले. या गावी १९६६ साली मॅक्सिन बर्नसन नावाची एक अमेरिकन तरुणी येऊन राहिली. त्यापूर्वी हैदराबादेत तिने अध्यापन केले होते. आता तिला अभ्यासायची होती फलटणची बोली. गावात कोण कसे बोलतो, जात आणि शिक्षण यांप्रमाणे उच्चार नि रूपे कशी बदलतात, हा तिचा विषय. १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्या प्रबंधाला डॉक्टरेट दिली. इरावतीबाई कर्व्यांच्या कन्या जाई निंबकर फलटणच्याच. त्यांच्या सहकार्याने बर्नसनबाईंनी परक्यांना मराठी शिकवणारी पुस्तकेही लिहिली.

आता यात शाळेचा काय संबंध, असे कुणी विचारील. माझ्या वर्गातलीच गोष्ट सांगतो. दर जूनमध्ये खेड्यातून आलेला एखादा हुशार मुलगा उत्तराला उभा राहतो, ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘होतं’ला ‘व्हतं’ म्हणतो, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. पुढे वर्षभर तो मुलगा तोंड उघडत नाही! अठरा वर्षांच्या पोराची ही गत, तर सहा वर्षांच्या बाळाचे काय होत असेल? घरात जे बोलून भाकरी मिळते, तेच शाळेत बोलले की चूक ठरते. आपल्यापैकी ज्यांच्या घरची बोली आणि पुस्तकाची भाषा जवळजवळ एकच, त्यांना ही अडचण जन्मात कळत नाही.

बर्नसनबाईंना ती कळली होती. अभ्यास आटोपून त्या परत गेल्या नाहीत. १९७८ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. गाव त्यांना ‘मॅक्सिन मावशी’ म्हणू लागले. मंगळवार पेठेतल्या दलित वस्तीत शाळा सुटलेली किंवा शाळेत जाऊनही वाचता न येणारी मुले होती. त्यांना त्या लिहावाचायला शिकवू लागल्या. त्या वर्गांतूनच १९८४ साली ‘प्रगत शिक्षण संस्था’ उभी राहिली आणि १९८६ साली बालभवन सुरू झाले.

शाळेला नाव दिले ते जाईबाईंच्या सासूबाईंचे. या कमलाबाई म्हणजे मूळच्या एलिझाबेथ लंडी, त्याही अमेरिकेतल्याच. अपंगांना हाताच्या कामातून बरे करण्याचे शास्त्र शिकवणारा आपल्या देशातला पहिला अभ्यासक्रम त्यांनी १९५० साली मुंबईत सुरू केला.

या शाळेची वाचन शिकवण्याची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपण सारे ‘अ’पासून निघालो आणि ‘ज्ञ’पर्यंत धापा टाकीत पोचलो. वाटेत ‘ङ’ आणि ‘ञ’ यांनाही नमस्कार केला. त्यांनी सुरू होणारा मराठी शब्द मला एम. ए. होऊनही भेटलेला नाही! इतकी अक्षरे घोकून होईपर्यंत एक अर्थपूर्ण ओळ वाचण्याचे सुख पोराच्या वाट्याला येत नाही. घरात पुस्तके असली तर ते तग धरते. नसली तर गळते. फलटणला क्रम मोडला. अक्षरांचे लहान समूह केले आणि स्वरचिन्हे आरंभापासूनच त्यांच्या जोडीला घेतली. घरी करून पाहा ना. म, क, ल आणि एक काना एवढेच भांडवल घ्या. मामा, काका, काम, काल, लाल, मला, कलम, कमाल! आठवडाभरात पोर ‘वाचू’ लागते. जोडीला गोष्टी ऐकणे, पुस्तके हाताळणे आणि स्वतःच्या मनातले लिहिणे. लिहिताना ‘पानी’ लिहिले म्हणून हातावर पट्टी बसत नाही. ‘पाणी’ पुढे वाचनातून येते.

शाळा वाढली, दहावीपर्यंत पोचली. डॉ. मंजिरी निंबकर या पेशाने डॉक्टर. त्यांनी पुढे तिची धुरा सांभाळली. पण मला अप्रूप वाटते ते एका बाकाचे. वस्तीतले मूल आणि गावातल्या डॉक्टरांचे मूल तिथे शेजारी बसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा मोठ्या शहरांत केवढा गहजब झाला! फलटणमध्ये तो प्रयोग त्याआधी दोन दशके चालू होता. शिवाय शाळा मराठी माध्यमाचीच राहिली. तालुक्याच्या गावीही सकाळी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरू लागल्यावर हे टिकवणे सोपे नव्हे. पालकांची इंग्रजीची ओढ मी खोटी मानीत नाही. पोटाचा प्रश्न आहे तो. पण घरच्या बोलीतच ज्याला नीट वाचता आले नाही, त्याला परक्या भाषेत नेऊन बसवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीऐवजी समुद्रात ढकलणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्थेने हे आपल्या अंगणापुरते ठेवले नाही. नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांनाही ही रीत शिकवायला सुरुवात केली. आमच्या कॉलेजच्या मागच्या बाकांवर पुढे येऊन बसतात ती मुले बहुतेक अशाच शाळांतली. त्यामुळे माझी नजर बालभवनापेक्षाही त्या कामाकडे अधिक लागलेली असते.