व्याकरणांतील स्त्रीलिंगाचा उगम

शाळेंत शब्द चालवितांना पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग हीं तीन लिंगें आपण अनादि मानून चालतों. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या तीन्ही भाषांत तीं आहेत. तेव्हां या भाषांच्या लुप्त जननींत, म्हणजे मूळ इंडो-युरोपियन भाषेंतहि तीं असलींच पाहिजेत, असें पंडितांस दीर्घकाल वाटे. त्या भाषेंत लिहिलेलें एकहि अक्षर उपलब्ध नाहीं. कन्याभाषांची तुलना करूनच तिचीं रूपें अनुमानानें बसवावीं लागतात.

१९०६ सालीं तुर्कस्तानांत बोगाझकोय येथें मोठें उत्खनन सुरू झालें व मातीच्या पाट्यांवरील हजारों लेख हातीं आले. त्यांतील हित्ती भाषा याच कुलांतील असल्याचें १९१५ सालीं ह्रोझ्नी या चेक पंडितानें दाखविलें. या प्राचीन भाषेंत लिंगें दोनच: एक सचेतनांचें, दुसरें अचेतनांचें. स्त्रीपुरुषभेद तिच्या लिंगव्यवस्थेंत नाहींच!

आतां संस्कृतकडे पुन्हा पाहूं. वृकः, वृकम् यांत कर्त्याचें व कर्माचें रूप निराळें. युगम् मात्र दोन्हीकडे तेंच. अचेतन वस्तु स्वतः कांहीं करीत नाहीं, म्हणून तिला कर्त्याचा प्रत्यय निराळा नसावा, असा याचा उलगडा करितात. उलट, पिता-माता, पितरम्-मातरम् हीं रूपें एकाच वळणाचीं. 'मातृ' शब्दास स्त्रीत्वाचा वेगळा प्रत्ययच नाहीं.

मग 'अश्वा' यांतील 'आ' कोठून आला? वेदांत 'युगम्'चें बहुवचन 'युगा' आढळतें, लॅटिनांतहि 'युगा'च. ग्रीकमध्यें नपुंसक बहुवचनी कर्त्यास क्रियापद एकवचनी लागतें. जणूं 'पानें गळतें' असें म्हणावें! हें बहुवचन मुळांत समूहवाचक एकवचन होतें, असें योहान्नेस श्मिट् यानें १८८९ सालीं प्रतिपादिलें. हा समूहवाचक 'आ' व स्त्रीलिंगी 'आ' मुळांत एकच, असें अनेक विद्वान् मानतात. समूहावरून स्त्रीत्वाकडे तो कसा वळला, याविषयीं मात्र मतभेद आहेत.

हिंदीनें नपुंसकलिंग टाकलें, मराठीनें राखलें. तसेंच हित्तीनें स्त्रीलिंग टाकलें नसेल कशावरून, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. परंतु तशी सर्वमान्य खूण हित्तींत सांपडलेली नाहीं.

संस्कृतची थोरवी यानें उणी होत नाहीं. मात्र शब्दाचें लिंग म्हणजे वस्तूचा स्वभाव नव्हे. तेंहि काळाच्या ओघांत घडत आलें आहे, एवढें आपण ध्यानीं घ्यावें.