ब्रेक का किंचाळतो?

बाजारच्या दिवशी मोटारसायकल उताराला लागली, की तिच्या ब्रेकची किंकाळी चार शेतांपलीकडे ऐकू जाते. "आवाज येतो म्हणजे ब्रेक लागतो," असे म्हणून आपण पुढे जातो. मागे घरची माणसे बसलेली असतात, म्हणून हा आवाज काय सांगतो ते एकदा समजून घ्या.

भिंतीला गिलावा करताना आपण मातीत भुसा कालवतो. नुसती माती वाळली की तडकते. भुसा तिला धरून ठेवतो. ब्रेकच्या पॅडचेही तसेच आहे. राळ, निरनिराळ्या भुकट्या आणि ग्रॅफाइट यांत तंतू मिसळून, दाबून व तापवून ते बनवतात. तंतूंमुळे ते उष्णतेतही एकसंध राहते.

ब्रेक दाबला की पॅड फिरत्या चकतीला घासते. क्षणात चिकटते, क्षणात सुटते. ही थरथर सेकंदाला हजाराहून अधिक वेळा होऊ लागली, की चकती काशाच्या थाळीसारखी वाजू लागते.

तंतूंचे गुणदोष येथेच कळतात. पोलादी तंतू मजबूत आणि उष्णता वाहून नेणारे. पण त्यांचे प्रमाण जास्त झाले तर चकती झिजते आणि आवाजही वाढू शकतो. १९६५ साली अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून केव्हलार हा धागा मिळाला. या जातीचे अरामिड तंतू चिवट, तरी मऊ; थरथर शोषायला ते मदत करतात. म्हणून कारखान्यात दोन-तीन जातींचे तंतू एकत्र घालतात.

पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉसचे तंतू असत. त्यांची धूळ छातीत गेली तर कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. म्हणून ड्रम उघडल्यावर धूळ फुंकू नका, हवेच्या नळीने उडवू नका, मुलांना जवळ बसवू नका. ओल्या फडक्याने पुसा. नवे लायनर ॲस्बेस्टॉसविरहितच मागा.

सकाळी दवाने ओल्या झालेल्या चकतीचा आवाज चार-दोन ब्रेकनंतर थांबला, तर काळजी नको. रोजच आवाज येत असेल तर पॅड तपासून घ्या. खरखर ऐकू आली तर लोखंडावर लोखंड घासत असेल. गाडी तशीच दामटू नका.

आणि आवाज बंद व्हावा म्हणून पॅडवर तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. आवाज थांबेल, पण गाडी थांबणार नाही.