जुन्या गाडीचे महामार्गावरील अॅव्हरेज : काय काढावे, काय बसवावे

लग्नसराई किंवा रमजान ईदचा हंगाम जवळ आला की औरंगपुऱ्यातील कापड दुकानदारांच्या मालेगाव, भिवंडी, सुरतेच्या फेऱ्या वाढतात. आमच्यापैकी बहुतेकांच्या गाड्या जुन्या आहेत. कोणाची मारुती ८००, कोणाची ओम्नी, कोणाची पंधरा वर्षांपूर्वीची वॅगन आर. नवी घ्यायची तर कर्ज आले आणि कर्जाबरोबर व्याज आले, जे आमच्या अनेक बांधवांना मान्य नाही. मग आहे त्याच गाडीत काही फेरबदल करून पेट्रोल वाचेल काय, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो.

वाचते. हिशेबच पाहा. महिन्याला २००० किलोमीटर फिरणारी गाडी लिटरला १४ ऐवजी १७ किलोमीटर चालू लागली, तर महिन्याला सुमारे २५ लिटर आणि वर्षाला ३०० लिटर पेट्रोल वाचते. छोट्या दुकानदाराला ही रक्कम लहान नाही. मात्र हा फायदा नवे काही बसवून कमी आणि नको ते काढून जास्त मिळतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शहरात गाडीचे पेट्रोल जाते ते थांबण्यात आणि पुन्हा निघण्यात. महामार्गावर ते वाऱ्याशी झुंजण्यात जाते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून अधिक होतो आणि १२० वर सव्वादोनपट. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्या रस्त्यावर मोटारींना १२० ची परवानगी आहे म्हणून चार गिअरची मारुती १२० ने पळवलीच पाहिजे असे नाही. ८० ने चालवणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे, तिला एक पैसा लागत नाही. फक्त डाव्या बाजूने चालावे.

आता कापडवाल्यांच्या खास दुखण्याकडे येऊ. छतावर कॅरियर, कॅरियरवर गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर फडफडणारी ताडपत्री. वाऱ्यासमोर ही उभी भिंतच होय. अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याचे आकडे असे आहेत की महामार्गाच्या वेगात छतावरच्या मोठ्या पेटीमुळे अॅव्हरेज १० ते २५ टक्के घटते. तीच पेटी गाडीच्या मागच्या बाजूस असेल तर घट १ ते ५ टक्केच. आमचा गठ्ठा त्या पेटीइतका गुळगुळीतही नसतो. तेव्हा मागचे सीट दुमडून माल आत घ्यावा, मोठ्या गाठी ट्रान्सपोर्टने बिल्टी करून पाठवाव्यात आणि गाडीत फक्त नमुने व तातडीचा माल ठेवावा. रिकामे कॅरियरही वारा अडवते. अनेकांच्या छतावर ते वर्षभर उगीच असते. चार बोल्ट काढले की काम झाले.

पुढचा लोखंडी गार्डही काढावा. तो वजन वाढवतो, शिवाय केंद्रीय परिवहन खात्याने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बेकायदा ठरवले आहेत. रुंद टायर आणि जड अॅलॉय दिसायला बरे, पण इंजिनाला भार. इंजिनाखालचे कंपनीचे कव्हर तुटून पडले असेल तर मात्र ते जरूर बसवून घ्यावे.

आमच्याकडील मिस्त्रींची एक जुनी सवय आहे. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून ते थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकतात. हा व्हॉल्व्ह इंजिन ८० अंशांच्या आसपास गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की महामार्गाच्या वाऱ्यात इंजिन थंडच राहते आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते. इंजेक्शनच्या गाडीत तर संगणकच इंजिन थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडतो. गाडी तापतच असेल तर दोष रेडिएटरचा, पंख्याचा किंवा पाण्याच्या पंपाचा असतो, तो शोधावा.

दुसरी सवय जाड ऑईल ओतण्याची. पुस्तिकेत लिहिलेलाच ग्रेड घ्यावा. चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावीत. एखादे जड फिरत असेल तर ब्रेक चिकटतो आहे. हवा पुस्तिकेप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. कमी हवेचा टायर लांबच्या पल्ल्यात तापतो आणि फुटतो, तेथे प्रश्न पेट्रोलचा राहत नाही.

कन्नडचा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करण्याची पद्धत सर्वत्र आहे. इंजेक्शनच्या गाडीत ती उलटी पडते. गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला तर संगणक पेट्रोल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते खर्चच होते. वर ब्रेक तापतात ते वेगळेच.

पाईपला लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालवणे म्हणजे इसराफ. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभराहून अधिक साधने तपासली, लक्षणीय फरक पाडणारे त्यांत काही निघाले नाही.

सीएनजीचा मार्ग खरा आहे, पण कायद्याने. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मान्यताप्राप्त किट बसवून त्याची नोंद आरसी बुकात झाली पाहिजे, विमा कंपनीलाही कळवले पाहिजे. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी असते. मूळ बनावटीत मनमानी बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय सिलिंडर डिकी अडवतो आणि माल पुन्हा छतावर जातो, हेही व्यापाऱ्याने हिशेबात धरावे.

हे सर्व करूनही अॅव्हरेज पूर्वीइतके आले नाही, तर लगेच मिस्त्रीवर आळ घेऊ नये. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज आहे. इंधनाचे रबरी पाईप मात्र तपासून घ्यावेत, चिरलेले असतील तर बदलावेत. फरक पाहण्यासाठी एकाच पंपावर टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर वहीत लिहावे, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरून भागाकार करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि निदान तीन टाक्यांची सरासरी धरावी.