जेरुसलेमची ‘क्रूसाची वाट’ : गटाने जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी

जेरुसलेमच्या जुन्या शहरातील ‘व्हिया दोलोरोसा’, म्हणजे दुःखाची वाट, हा येशूने क्रूस वाहून नेल्याचा परंपरेने मानलेला मार्ग असून त्यावर चौदा स्थाने, म्हणजे थांबून प्रार्थना करण्याच्या जागा, आहेत. त्यांपैकी शेवटची पाच पवित्र कबरेच्या चर्चमध्येच येतात. ही वाट म्हणजे निवांत, मोकळा रस्ता असेल अशी कल्पना करून आलेला यात्रेकरू गोंधळतो, कारण ती मसाले, कपडे आणि जपमाळा विकणाऱ्या दुकानांच्या अरुंद बोळांतून जाते आणि लाकडी क्रूस आळीपाळीने खांद्यावर घेऊन गाणी म्हणत चाललेल्या गटाला हातगाडीसाठी बाजूला व्हावे लागते. (पहिल्या शतकातली गल्लीही काही फार शांत नसावी.) दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन संन्यासी येथे मिरवणूक काढतात आणि गटांना तीत सामील होता येते.

चर्चमध्ये सहा ख्रिस्ती पंथांची वहिवाट असून, कोणती जागा, दिवा किंवा पायरी कोणाकडे हे ‘स्टेटस को’ या उस्मानी काळापासूनच्या व्यवस्थेने ठरते. 1852च्या फर्मानाने तिला पक्के रूप दिले. दर्शनी भिंतीवरील खिडकीखालची छोटी शिडी याच व्यवस्थेमुळे पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी ठेवलेली आहे. मुख्य दरवाजाची किल्ली मात्र शतकानुशतके एका मुस्लिम घराण्याकडे असून तो उघडण्याचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे आहे.

गटाने शक्यतो पहाटेच निघावे. दुकाने तेव्हा बंद असतात.